गोळी वेळेत पोचावी म्हणून: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलींसाठी

मी १९ वर्षांची होते. बेळगावात खोली घेऊन शिकत होते, गाव खानापूर तालुक्यात. एका शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास निरोध फाटला आणि दिवस राहू नयेत म्हणून तातडीची गर्भनिरोधक गोळी शोधायची वेळ आली. शनिवारी घरी जायचं आधीच ठरलं होतं, गेले. गावातलं मेडिकल भावकीतल्या काकांचं, तिथं तोंड उघडायची सोय नाही. रविवारी बाजाराचं निमित्त काढून खानापूर गाठलं, दोन मेडिकलांसमोरून चार फेऱ्या मारल्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आले. सोमवारी बेळगाव. पहिल्या दुकानात "डॉक्टरची चिठ्ठी आण" म्हणाले. दुसऱ्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर "कुणाला पाहिजे?" असं मोठ्यानं विचारलं. तिसऱ्यानं काही न बोलता कागदात गुंडाळून दिली. ती तोंडात पडली तेव्हा ६३ तास झाले होते, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ ओळखीची तोंडं चुकवण्यात गेला होता.

नंतर मावसबहिणीबरोबर आणि खोलीतल्या मैत्रिणीबरोबर मी पुन्हा याच वाटेनं गेले. तेव्हा कळलं की माहिती असली तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. तुझ्यावर जबरदस्ती झाली असेल किंवा तुझं वय १८ च्या आत असेल, तर पहिला टप्पा वाचून थेट सातव्यावर जा. बाकीचं मागाहून वाच.

१. आधी तास मोज

संबंध कधी आला ती वेळ कागदावर लिही. "परवा रात्री" असं लिहू नको, वार आणि वाजले किती ते लिही. मन घाबरलेलं असलं की दिवस मागेपुढे होतात, माझेही झाले होते.

पाकिटावर ७२ तास म्हणजे तीन दिवस लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना १२० तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवसांपर्यंत ही गोळी घेता येते असं सांगते, पण जितका उशीर तितका भरवसा कमी. पहिल्या दिवसाची गोळी आणि चौथ्या दिवसाची गोळी सारखी नव्हे.

याचं कारण समजून घे, म्हणजे "उद्या बघू" असं वाटणार नाही. पुरुषबीज अंगात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. स्त्रीबीज बाहेर पडलं की जेमतेम एक दिवस टिकतं. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, तोवर पुरुषबीज संपून जातं. पण स्त्रीबीज सुटायची प्रक्रिया आधीच पुढं सरकली असेल तर गोळीच्या हातात काही उरत नाही. तुझा तो दिवस नेमका कधी आहे हे तुला ठाऊक नसतं. म्हणून घाई करायची.

याच कारणानं ही गर्भपाताची गोळीही नाही. गर्भ राहिलेलाच असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. आमच्या वाड्यातल्या बायका "पोट पाडायची गोळी" म्हणतात ती वेगळी, तिच्याबद्दल पुढं सांगते.

२. नेमकं काय मागायचं

औषधाचं नाव लेवोनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी. दुकानात आय-पिल किंवा अनवाँटेड ७२ या नावांनी मिळते, किंमत शंभराच्या आसपास. सरकारी दवाखान्यात तीच ईझी पिल या नावानं असते. औषध तेच आणि तेवढंच, फुकटची म्हणून हलकी समजू नको. कधी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांचं पाकीट हातात येतं. तेव्हा दोन्ही एकदमच घ्यायच्या.

या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय विकता येते. कुणी "चिठ्ठी आण" म्हणालं तर वाद घालत बसू नको, पुढचं दुकान गाठ. वाद घालण्यात तुझे तास जातात, त्याचं काही जात नाही.

आता चुकीच्या गोळ्यांबद्दल. इथं आमच्या भागात सगळ्यात जास्त घोळ होतो.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आपल्याकडं घराघरांत असतात. गौरी-गणपती, लग्न, सौंदत्तीची यल्लम्माची यात्रा, काही असलं की आई किंवा काकू आणून देतात. त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. कपाटात त्या दिसल्या म्हणून त्याच घेतल्या असं करणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. त्यानं गर्भ राहायचं टळत नाही, फक्त पाळी लांबते, आणि लांबलेली पाळी बघून जीव आणखी टांगणीला लागतो.

दुसरा घोळ "किट"चा. मेडिकलात लाजून हळू आवाजात "ती गोळी" म्हटलं की काही दुकानदार गर्भपाताचं किट पुढं करतात. त्यात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं औषध नाही, आणि तुला या वेळी त्याची गरजही नाही. पाकिटावर लेवोनॉर्जेस्ट्रेल हे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नको.

कच्ची पपई, काळे तीळ, गूळ-ओव्याचा काढा, लिंबू पिळून धुणं, उड्या मारणं, यातल्या कशानंही काही होत नाही. मी आठवडाभर पपई खाल्ली होती. पोट बिघडलं, बाकी काही नाही.

३. कुठं जायचं

मेडिकल दुकान सगळ्यात जलद. गावात ओळख आडवी येत असेल तर तालुक्याचं ठिकाण किंवा बेळगाव. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार कार्ड किंवा मतदान ओळखपत्र जवळ असेल तर शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसला तिकीट पडत नाही. जून २०२३ पासून ही सोय आहे. घरी पैसे मागताना कारण सांगावं लागतं, ते एक ओझं त्यामुळं कमी होतं. चंदगडकडून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलींना मात्र तिकीट काढावं लागतं, पत्ता महाराष्ट्राचा असतो म्हणून.

पण लांब जायच्या नादात एक दिवस घालवू नको. ओळखीच्या दुकानात आजच गोळी मिळत असेल आणि अनोळखी दुकानात उद्या, तर आज घे. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तरी चालतं. मैत्रीण, मोठी बहीण, वहिनी, ज्याच्याबरोबर संबंध आला तो मुलगा, कुणीही आणू शकतं. माझ्या मैत्रिणीच्या वेळी मीच दुकानात गेले, ती कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसून राहिली.

आशाताईंकडं ही गोळी असायला हवी. घरपोच द्यायच्या सरकारी योजनेत एका गोळीचे २ रुपये घेतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत. पण जाण्याआधी शिल्लक आहे का ते विचार. शिल्लक नसली तर तिथल्या सिस्टर माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी काम भागवू शकतात: आधी चार, बारा तासांनी आणखी चार. हा जुना, मान्य उपाय आहे, पण मळमळ जास्त होते आणि भरवसा थोडा कमी. मनानं करू नको, पाकिटात रंगीत लोहाच्या गोळ्याही असतात आणि त्या मोजल्या गेल्या तर सगळंच चुकतं.

किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळा सल्ला विभाग असतो. महाराष्ट्रात त्याला मैत्री क्लिनिक म्हणतात. कोल्हापूरच्या आतेबहिणीनं सांगितलं म्हणून मी इथं "मैत्री" विचारत बसले आणि कुणाला कळेना. आपल्याकडं त्याचं नाव स्नेह क्लिनिक. १० ते १९ वयाच्या सगळ्यांसाठी आहे, लग्न झालेल्या-न झालेल्या दोघींसाठी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१४ पासून, ही सोय आहे. बेळगावात मोठा सरकारी दवाखाना म्हणजे आपण सिव्हिल म्हणतो तो, बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा जिल्हा दवाखाना.

कन्नड भाषेचं भय बाळगू नको. भिंतीवर "तुर्तु गर्भनिरोधक मात्रे" दिसलं की तेच. तुर्तु म्हणजे आपलं तूर्त, तातडीचं. मात्रे म्हणजे गोळी. गर्भनिरोधक तर दोन्हीकडं एकच. पाळीला मुट्टु म्हणतात, उलटीला वांती, दुखण्याला नोवु. ७२ तास म्हणजे एप्पत्तेरडु गंटे. काही कळलं नाही तर "मराठीयल्लि हेळि" म्हण, मराठीत सांगा. बेळगाव-निपाणीकडच्या दवाखान्यांत बहुतेक वेळा कुणीतरी मराठी बोलणारं निघतंच. न कळलेल्या गोष्टीला मान हलवून बाहेर पडू नको.

४. बरोबर काय न्यायचं

दुकानासाठी: पैसे आणि पाकिटाचं नाव लिहिलेली चिठोरी. बोलायला जड जात असेल तर ती चिठोरीच पुढं कर. बाकी कुठलाही कागद लागत नाही.

दवाखान्यासाठी:
- आधार कार्ड (ओपीडीची चिठ्ठी काढायला)
- संबंध कधी आला त्याची वेळ, आणि मागची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली ते
- चालू असलेल्या औषधांची पाकिटं किंवा नावं
- एक सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली
- जमलं तर सोबतीला कुणीतरी

औषधांची यादी विसरू नको. टीबीवरची रिफॅम्पिसिन, आणि फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं या गोळीचा जोर कमी करतात. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घे. ते दुप्पट मात्रा किंवा कॉपर-टी (गर्भाशयात बसवायचं तांब्याचं साधन) सुचवतील. वजन बरंच जास्त असेल तरीही गोळीचा भरवसा कमी होतो, तेव्हाही कॉपर-टी चांगली.

५. गोळी घेताना आणि त्या रात्री

काहीतरी खाऊन घे, भाकरीचा तुकडा का असेना. उपाशीपोटी घेतली तरी काम तेच करते, पण खाल्लेलं असलं की मळमळ कमी वाटते.

दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी वाया गेली असं समज आणि दुसरी घे. तिसऱ्या तासात झाली तर दवाखान्यात विचार. त्यानंतर झाली तर काळजी नको, औषध अंगात गेलेलं असतं. मला पाच तासांनी उलटी झाली होती आणि रात्रभर मी उशीत तोंड खुपसून रडले, कारण हे एक वाक्य दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

डोकं दुखणं, थकवा, छाती दुखरी होणं, पोटात कळा, मधेच थोडं रक्त दिसणं, हे होऊ शकतं. एक-दोन दिवसांत बसतं.

वयाची भीतीही मनातून काढ. पाळी सुरू झालेल्या कुठल्याही मुलीला ही गोळी चालते. "लहानपणी घेतली की पुढं मूल होत नाही" हे आमच्याकडं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खोटं आहे. दुसऱ्यांदा घ्यावी लागली तरी गर्भाशय खराब होत नाही. पाळी मात्र वेडीवाकडी होते, आणि रोजच्या साधनाइतकी ती खात्रीची नाही.

६. कॉपर-टी: हिच्याबद्दल कुणी सांगत नाही

तातडीच्या उपायांत सगळ्यात खात्रीचा हाच. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर शंभरातल्या नव्याण्णवांहून जास्त जणींना गर्भ राहत नाही. आणि पुढं वर्षानुवर्षं तेच साधन चालतं: सरकारी दवाखान्यातली ३८० ए दहा वर्षं, ३७५ पाच वर्षं. दोन्ही मोफत. नको झाली की काढता येते, काढल्यावर दिवस राहू शकतात.

"मूल झाल्याशिवाय बसवत नाहीत" असं उत्तर मिळेल. मावसबहिणीला मिळालं होतं. ती २० वर्षांची, लग्नाला तीन महिने झालेले, शिक्षण पुरं करायचं होतं. वैद्यकीय नियम तसं सांगत नाहीत. मूल न झालेल्या आणि २० च्या आतल्या मुलींनाही ती बसवता येते, आत जंतुसंसर्ग नाही एवढं तपासून. नवऱ्याची किंवा सासूची सही लागते असाही कायदा नाही. आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो, त्यांनी तपासलं आणि त्याच दिवशी बसवली. बसवताना जोराची कळ येते, पहिल्या काही पाळ्यांना रक्त जास्त जातं. हे आधी माहीत असलेलं बरं.

चौथा-पाचवा दिवस उजाडला असेल तर गोळीच्या आधी कॉपर-टीचा विचार कर.

७. जबरदस्ती झाली असेल, किंवा वय १८ च्या आत असेल

जबरदस्ती झाली असेल तर मेडिकल दुकानात थांबू नको, थेट दवाखान्यात जा. गोळी तिथं मिळतेच. शिवाय एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं, ते दुकानातून होत नाही. आंघोळ केली नसेल, कपडे धुतले नसतील तर तसेच ठेव, पुरावा म्हणून लागतात. आंघोळ झाली असेल तरी जा. सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्यानं मोफत उपचार द्यायचे असा कायदा आहे. "आधी पोलिसांत जाऊन या" असं म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा. १८ च्या आतल्या मुलीसाठी त्याचे नियम २०२० स्पष्ट सांगतात: तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टरांनी कुठलाही कायदेशीर कागद मागायचा नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनं करायची, आणि आईवडील किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस जवळ हवं.

आता एक अवघड गोष्ट, लपवून ठेवत नाही. १८ च्या आतल्या मुलीचा संबंध, तिच्या मर्जीनं असला तरी, लग्न झालेलं असलं तरी, पॉक्सो कायद्यात गुन्हा धरला जातो. डॉक्टरांना कळलं की त्यांना पोलिसांना कळवावंच लागतं. हे ऐकून अनेक मुली दवाखान्याकडं पाठ फिरवतात आणि मग चौथ्या महिन्यात आणल्या जातात. तसं करू नको. ज्या मोठ्या माणसाला सांगून तुला मार पडणार नाही असं वाटतं, ती आत्या असेल, शाळेतल्या बाई असतील, तिला आजच सांग आणि तिला घेऊन जा. घरात असं कुणीच नसेल तर १०९८ वर फोन कर. तो मुलांसाठीचाच, मोफत, रात्रीही चालू. बायकांसाठी १८१, तातडीला ११२.

आई-मावशी-वहिनी कुणी हे वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगते: पोरगी सांगायला आली त्या दिवशी चौकशी करू नका. आधी गोळी, मग जेवण, मग झोप. कोण, कुठं, कसं हे सगळं विचारायला पुढं आख्खं आयुष्य आहे, गोळीला नाही.

८. पुढचे तीन आठवडे

एक गोळी एका वेळेपुरती. त्यानंतर पुन्हा संबंध आला तर ती संरक्षण देत नाही, उलट स्त्रीबीज लांबलेलं असल्यानं धोका वाढलेला असतो. पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरच. गुप्तरोगापासूनही तोच वाचवतो, गोळी नाही. रोजची गोळी सुरू करायची असेल तर लगेच करता येते, पहिले सात दिवस निरोध जोडीला ठेवून. सरकारी दवाखान्यात माला-एन आणि छाया या गोळ्या आणि तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन मोफत आहे.

पाळी आठवडाभर आधी किंवा उशिरा येऊ शकते. माझी नऊ दिवस लांबली होती. सात दिवसांहून जास्त लांबली, किंवा गोळी घेऊन तीन आठवडे झाले तरी आली नाही, तर लघवीची तपासणी कर. आशाताईंकडं निश्चय किट मोफत असतं, मेडिकलातही किट मिळतं. सकाळची पहिली लघवी घे. दोन दिवसांत तपासून "नाही आलं" म्हणून निर्धास्त होऊ नको, तेव्हा काहीच दिसत नाही.

खाली एका बाजूला जोराचं दुखतंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, किंवा तासाला दोन पॅड भिजताहेत: थांबू नको, १०८ ला फोन कर. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं. हे क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो.

९. तपासणीत दोन रेघा आल्या तर

गोळी घेऊनही काहीजणींना दिवस राहतात. तुझी चूक नाही, गोळीची मर्यादा आहे. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेट. १९७१ च्या कायद्यानुसार, त्यात दिलेल्या कारणांसाठी, गर्भपात आपल्याकडं कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. १८ पूर्ण असेल तर फक्त तुझी संमती लागते, नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो स्पष्ट केला. १८ च्या आत असशील तर पालकाची लेखी संमती लागते, आणि पोलिसांना कळवताना नाव उघड करू नका अशी विनंती तू आणि पालक डॉक्टरांना करू शकता, हेही त्याच निकालात आहे. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर बहुधा गोळ्यांनीच होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कुणी "ओळखीची बाई आहे, घरीच करते" म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नको.

१०. एक पाकीट आधीच आणून ठेव

खोलीवर राहणाऱ्या, नव्यानं लग्न झालेल्या मुलींना मी हे नेहमी सांगते. ही गोळी लागण्याआधी घेऊन ठेवता येते. आम्ही तिघींनी पैसे काढून एक पाकीट आणलं होतं, बांगड्यांच्या डब्यात ठेवलं होतं, वर चिकटपट्टीवर मुदत संपायची तारीख लिहून. दीड वर्ष ते तसंच होतं. मग एका रविवारी संध्याकाळी, बाजार बंद असताना, शेजारच्या खोलीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली. काही बोलत नव्हती. खोलीतल्या मैत्रिणीनं डबा उघडला आणि म्हणाली, "बस की आत, मी पाणी आणतो."